आम्ही काय कुंडीत बसलोय?

दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलीने कुठली नोकरी करावी याबद्दल आमच्या घरी फार चर्चा होत नसे. वडील एका मंत्रालयात, थोरला भाऊ दुसऱ्या मंत्रालयात, आणि रविवारी चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसणारे रणपिसेकाका तिसऱ्या. मी चौथं मंत्रालय शोधायचं, एवढंच बाकी होतं. त्याऐवजी मी यमुना ओलांडून नोएडाला गेले आणि लोकांची बोलणी ऐकून घेण्याची नोकरी धरली. आई विचारणाऱ्यांना सांगायची, "प्रमिला टेलिव्हिजनमध्ये आहे," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठायची.

नव्वदीचं दशक होतं. घरोघरी केबल आली होती, रोज एक नवं चॅनल उगवत होतं, आणि चोवीस तास दाखवायला कुणाकडेच पुरेसं काही नव्हतं. आमचं चॅनल नोएडातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये थाटलं होतं. रविवारी सकाळचा अर्धा तास रिकामा होता. त्याच सुमारास प्लास्टिकच्या कुंड्या बनवणारी एक कंपनी जाहिरात द्यायला तयार झाली, म्हणून बागकामाचा कार्यक्रम सुरू झाला. नाव 'गमलेवाली बात', गमला म्हणजे कुंडी. यमुनेपार नवे सेक्टर उभे राहत होते. सरकारी क्वार्टरमधून, नाहीतर जुन्या दिल्लीतल्या एकत्र घरातून निघून लोक चौथ्या मजल्यावरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये येत होते. आयुष्यात पहिल्यांदा बाल्कनी मिळाली होती आणि तिथे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. माती पोत्यातून विकत आणायची असते याचाच अनेकांना धक्का बसला होता.

माझं काम असं, की कार्यक्रमाच्या खाली पट्टीवर जो फोन नंबर सरकायचा तो उचलायचा, 'दर्शकों की राय' ऐकायची आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगायची. मला वाटलं होतं, लोक विचारतील मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत, तुळस का वाळते. तसं विचारणारे होतेही. पण पहिल्याच रविवारी लक्षात आलं, की झाडाबद्दल लोकांना प्रश्न असतात आणि झाडाबद्दल सांगणाऱ्याबद्दल ठाम मतं असतात. मतांचे फोन कितीतरी जास्त.

सांगणारे होते सूदसाहेब. सरकारी उद्यानखात्यातून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले पंजाबी गृहस्थ. नवी दिल्लीतल्या गोल चौकांतली फुलं आयुष्यभर त्यांच्या ताब्यात होती. मोठमोठे परदेशी पाहुणे ज्या रस्त्याने जात त्यावरचा झेंडू कधी फुलावा हे सूदसाहेब ठरवत. पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या, मुलगी कॅनडात होती. ज्ञान अफाट, आवाज मऊ. अडचण एकच: त्यांना कॅमेऱ्याकडे बघता येत नसे. ते झाडाशी बोलत. "क्यों भई, पानी ज़्यादा हो गया?" असं शेवंतीला विचारत आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबत.

हे थांबणं फार गाजलं. पटपडगंजच्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, की केबल गेली असं समजून ते केबलवाल्याच्या घरी भांडायला गेले, परत आले तरी सूदसाहेब थांबलेलेच होते. गुडगावच्या एका बाई म्हणाल्या, हे गृहस्थ पालकाच्या रोपांशी ज्या प्रेमाने बोलतात तसं आमचे हे माझ्याशी कधी बोललेले नाहीत, आता रविवारी सकाळी आमच्याकडे भांडण होतं, कार्यक्रमाची वेळ बदला. एकाला त्यांचा स्वेटर आवडत नव्हता. एकाला तो इतका आवडला की विणीचा नमुना हवा होता.

आणि मग मुनिरक्याहून फोन आला. अतिशय शुद्ध, धुऊन वाळत घातल्यासारखी हिंदी. मी रिवाजाप्रमाणे माझं नाव सांगितलं तशी हिंदी एकदम थांबली.

"रणनवरे? अहो मग मराठीत बोला की. मी जोगळेकर. तुमच्या त्या सूदसाहेबांना एक निरोप द्या. ते सारखे कुंडीकडे बघून बोलतात. आम्ही काय कुंडीत बसलोय?"

जोगळेकरकाकू मुनिरक्याच्या सरकारी फ्लॅट्समध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. यजमान रेल्वे मंत्रालयातून निवृत्त होऊन वारले होते. काकू एका शाळेत शिकवत आणि दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या वक्तृत्वस्पर्धांना परीक्षक म्हणून बसत. माझा भाऊ लहानपणी त्यांच्या हातून एकदा नापास झालेला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून दर रविवारी कार्यक्रम संपला की त्यांचा फोन यायचा. दुसऱ्या फोनपासून मी 'अगं प्रमिला' झाले. झाडाबद्दल अवाक्षर नाही. सूदसाहेब वाक्याचा शेवट गिळतात. सूदसाहेब उजवा खांदा का उडवतात. माती खुरपण्याला ते 'गुड़ाई' म्हणतात, तो शब्द आज फार छान म्हणाले, त्यांना सांग. काकू शब्द न शब्द ऐकायच्या, आणि त्यांचं कौतुकसुद्धा ऐकणाऱ्याला घाम फोडणारं असायचं.

सोमवारच्या मीटिंगला मेहरासाहेब बसायचे. हे आमचे कार्यक्रमप्रमुख, जाहिरातीच्या धंद्यातून आलेले, सतत घाईत. फोन नुसते वाचून दाखवले की ते पेंगायचे, म्हणून मी एकदा पटपडगंजच्या गृहस्थांची नक्कल करून दाखवली. मेहरासाहेब खुर्चीवरून घसरायचे राहिले. त्यानंतर सोमवारी माझा प्रयोगच असायचा. संपादनाच्या खोलीतले लोक, मेकअपवाली, गेटवरचा गार्डसुद्धा दारात येऊन उभा राहायचा. सर्वांत जास्त फर्माईश जोगळेकरकाकूंची. सूदसाहेब स्वतः कोपऱ्यात बसून, मान खाली घालून, अगदी मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "बात तो ठीक है उनकी."

त्यांना कॅमेऱ्याकडे बघायला लावण्यासाठी आम्ही जे केलं ते कुठल्या पुस्तकात नसेल. कॅमेरामनने लेन्सच्या खाली एका डेलियाच्या फुलाचं रंगीत चित्र चिकटवलं. युक्ती लागू पडली. सूदसाहेब पहिल्यांदा थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलू लागले. पण थोड्याच वेळात ते चाललेला विषय सोडून, या डेलियाच्या पाकळीला कीड कशी लागली आहे ते सांगू लागले. घरी बसलेल्या लोकांना डेलिया दिसतच नव्हता. त्यांना एवढंच दिसलं, की एक वडीलधारा माणूस आपल्याकडे रोखून बघतोय आणि म्हणतोय, तुम्हाला कीड लागली आहे. त्या रविवारी फोन खाली ठेवायला उसंत मिळाली नाही.

तेव्हा मेहरासाहेबांनी ठरवलं, की आता नवा चेहरा आणायचा.

निशा आली. बावीस-तेवीसची, कॉलेजातली सौंदर्यस्पर्धा जिंकलेली, गोड हसणारी आणि कॅमेऱ्याशी जन्मापासून ओळख असल्यासारखी बोलणारी. झाडांबद्दल तिला काडीची माहिती नव्हती आणि त्याचा तिला बिल्कुल संकोच नव्हता. पहिल्याच दिवशी तिने सूदसाहेबांना विचारलं, की गुलाब आणि गुलाबजाम यांचा काही संबंध असतो का, आणि सूदसाहेबांनी तिला खरंच उत्तर दिलं. तिची नखं मात्र लांब आणि रंगवलेली होती, आणि दुसऱ्या एका जाहिरातीसाठी ती तशीच राखायचं तिने कबूल केलेलं होतं. म्हणजे मातीत हात घालायची सोय नाही.

बाहेरच्या लोकांना सांगते, बागकामाच्या कार्यक्रमात बरीचशी फसवणूक ही कामाचा भागच असते. बी पेरलं, उगवलं आणि फूल आलं हे सगळं अर्ध्या तासात दाखवायचं, म्हणजे एकाच जातीच्या तीन-चार कुंड्या वेगवेगळ्या वयाच्या तयार ठेवायच्या. पहाटेचं दव फवारणीच्या बाटलीतून येतं. आणि जवळून दिसणारे हात नेहमी बोलणाऱ्याचेच असतात असं नाही. तेव्हा ठरलं असं, की चेहरा निशाचा आणि हात सूदसाहेबांचे. सुरुवातीला हातमोजे होते. एके दिवशी ऐन वेळी ते सापडेनात. मेहरासाहेबांनी फर्मावलं, की निशाच्या बांगड्या सूदसाहेबांना घाला. काचेच्या चढेनात, म्हणून मेकअपवालीने स्वतःच्या प्लास्टिकच्या रंगीत बांगड्या दिल्या. सूदसाहेबांनी निमूटपणे हात पुढे केला. जेरेनियमची गुड़ाई आणि छाटणी उत्तम झाली.

कार्यक्रम लागला आणि फोन वाजू लागले. फरीदाबादच्या एका बाईंनी निशाच्या हातांसाठी बेसन-हळदीचा लेप सांगितला. गाझियाबादच्या एका डॉक्टरांनी थायरॉईड तपासून घ्यायला सांगितलं. एका आजींना रडू आलं, की एवढ्याशा पोरीला किती कष्ट करायला लावता. शेवटी मुनिरका.

"प्रमिला, मुलीचा चेहरा विशीतला आणि हात साठीचे. मनगटावर केस. तिला काही दुखणं असेल तर सांग, मी हसणार नाही." मग म्हणाल्या, "आणि दुखणं नसेल तर ते हात कुणाचे ते मला कळलंय. 'गुड़ाई' करताना उजवा खांदा उडतो, तेव्हा मनगटही उडतं."

सोमवारच्या मीटिंगला त्या दिवशी कुंड्यांच्या कंपनीचे साहेबही आले होते आणि ते हसत नव्हते. लोक हसतात तो कार्यक्रम नको, बंद करा, असं त्यांचं म्हणणं. मेहरासाहेब घाम पुसत होते. कार्यक्रम गेला तर रविवारचा अर्धा तास जाणार, सूदसाहेब घरी बसणार, आणि माझ्यासाठी चौथं मंत्रालय होतंच. तेवढ्यात निशा बोलली. "सर, कैमरा थोड़ा पीछे ले लीजिए ना. सब दिख जाएगा."

पुढच्या रविवारी तसंच केलं. पडद्यावर बांगड्या घातलेले हात माती भुसभुशीत करत होते. मग कॅमेरा हळूहळू मागे गेला आणि लोकांना दिसलं, की निशा स्टुलावर पाय हलवत बसली आहे आणि शेजारी स्वेटर आणि बांगड्या घातलेले सूदसाहेब कुंडीशी बोलताहेत. निशाने त्यांची हनुवटी धरून चेहरा कॅमेऱ्याकडे वळवला आणि म्हणाली, "अब इनको भी बताइए." त्या दिवशी फोन करणारे आधी हसून घेत आणि मग बोलत. कंपनीच्या साहेबांच्या पत्नीनेही फोन केला होता, नाव न सांगता, पण आडनाव सांगून. विषय मिटला.

त्यानंतर आमचे सुखाचे दिवस आले. निशा विचारायची, सूदसाहेब झाडाला उत्तर द्यायचे, निशा त्यांचं तोंड फिरवायची. लोकांना आता दोघांबद्दल मतं होती. पोरगी मोठ्यांची हनुवटी धरते हे योग्य नाही, असं अर्धे म्हणायचे. उरलेले विचारायचे, की गेल्या रविवारी तिने एकदाच धरली, काही भांडण झालं का.

असं चालू असताना मेहरासाहेबांना थेट प्रक्षेपणाची हौस आली. जानेवारीतला रविवार, विषय थंडीत झाडं कशी वाचवायची. त्या वर्षी संक्रांतही नेमकी त्याच दिवशी आली. दिल्लीचं जानेवारीतलं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगू? मी आदल्या रात्री ऑफिसजवळ मैत्रिणीकडे राहिले होते म्हणून पोचले, आणि तेही भिंतीला हात लावत. सूदसाहेब सवयीप्रमाणे पहिल्या बसने आले होते. निशा यमुनेच्या पुलावर अडकली. तिच्या पुढे गाड्यांची रांग, मागे रांग, आणि मोबाईल अजून कुणाकडे नव्हते. पुलाच्या टोकाला असलेल्या एका चहावाल्याच्या शेजारच्या बूथवरून तिने कसाबसा फोन केला, की मला माझेच पाय दिसत नाहीयेत.

वेळ झाली. सूदसाहेब एकटे. लाल दिवा लागला. ते गुलाबाकडे बघून म्हणाले, "आज पाले से बचाना है तुझे," आणि थांबले. मेहरासाहेब काचेपलीकडून हातवारे करत होते. सूदसाहेब गुलाबाच्या उत्तराची वाट बघत होते. मेहरासाहेबांनी मला ओरडून सांगितलं, "कोई भी फ़ोन दे दो अंदर, कोई भी." माझ्या हातात जो फोन वाजत होता तो मी स्टुडिओत जोडला. तो मुनिरक्याचा होता.

त्या दिवशी मराठी मंडळींची बस पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायची होती, दरवर्षीसारखी. काकू पहाटेपासून तयार होत्या, तिळगुळाचा डबा भरलेला, आणि खास त्यासाठी पुण्याहून त्यांची धाकटी बहीण आलेली. धुक्यामुळे बस रद्द झाली. काकू काठापदराच्या साडीत, स्वेटर-मोज्यांसकट, कमालीच्या वैतागलेल्या अवस्थेत टीव्हीसमोर बसलेल्या होत्या.

बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत सांगते. काकूंनी सुरुवातच केली, की सूदसाहेब, माझी बहीण पुण्याची आहे, आमच्याकडे पाला म्हणजे झाडाची पानं. ती मघापासून विचारतेय, झाडाला पानांपासून का वाचवायचं? सूदसाहेब चमकून वर बघू लागले. आवाज छतातल्या स्पीकरमधून येत होता. त्यांनी पाला म्हणजे दव गोठून पडतो तो, असं स्पीकरला समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, पहिल्या वाक्यातच हे सांगायला हवं होतं, ऐकणारा कुठून आला आहे हे बोलणाऱ्याने धरून चालू नये. सूदसाहेब म्हणाले, अगदी बरोबर. काकू म्हणाल्या, आता पुढचं वाक्य पूर्ण करा, शेवट गिळू नका. आणि सूदसाहेबांनी केलं. संध्याकाळी कुंड्या भिंतीशी सरकवाव्यात, जुनी चादर टाकावी, पाणी सकाळी द्यावं, असं एकेक वाक्य पूर्ण करत, मान वर करून, देवाशी बोलावं तसे ते छताशी बोलत होते. काकू मधेच "आता जरा हळू", "हे पुन्हा सांगा, छान होतं", "खांदा", असं म्हणत होत्या. खांदा म्हटलं की खांदा खाली यायचा. शेवटी काकूंनी त्यांना दहापैकी साडेसहा गुण दिले. सूदसाहेबांनी हात जोडून छताला नमस्कार केला. मागे काकूंची बहीण मराठीत म्हणत होती, "तिळगूळ घ्या म्हणावं," तेही प्रक्षेपित झालं.

काचेच्या या बाजूला आम्ही सगळे जमिनीवर बसून हसत होतो. मेहरासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. निशा पोचली तेव्हा कार्यक्रम संपून गेला होता आणि तिला कुणी धड काही सांगू शकत नव्हतं. एक हळहळ मात्र मनात आहे, ती आत्ताच सांगून टाकते. त्या काळी टेप महाग असायच्या. पुढे चॅनलचं रूपांतर बातम्यांच्या चॅनलमध्ये झालं आणि आमच्या सगळ्या टेपांवर बातम्या भरल्या गेल्या. तो अर्धा तास आता कुठेही नाही. तो आठवणारी माणसंही फारशी उरलेली नाहीत.

तर पुढे. आठवडाभर सगळ्यांचं एकच मागणं: त्या मुनिरकावाल्या आंटींची बाग दाखवा. एवढं जाणतात म्हणजे बाग काय असेल. मेहरासाहेबांनी मला न विचारता जाहिरात सुरू करून टाकली, 'इस रविवार, मुनिरका की आंटी का बगीचा'. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "या की, चहाला या. सूदसाहेबांना पण आण." बागेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही.

शनिवारी मी, निशा, सूदसाहेब आणि कॅमेरामन तिसऱ्या मजल्यावर पोचलो. सूदसाहेबांनी नवा कोट घातला होता. काकू ठेंगण्या, गोऱ्या, जाड भिंगाच्या चष्म्यातून नीट निरखणाऱ्या. पोहे झाले, चहा झाला. मग आम्ही बाल्कनी बघायला गेलो. बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी होती, एक खुर्ची होती आणि एक रिकामी बादली. झाड एकही नव्हतं. साधी तुळससुद्धा नाही.

सूदसाहेबांनी बादलीत डोकावून बघितलं.

"काकू, झाडं?" मी विचारलं.

"मी कधी म्हटलं गं मला झाडं आवडतात म्हणून? चिखल होतो, डास होतात. मला बोलणारी माणसं आवडतात. शाळेतून आलं की घरात बोलायला कुणी नाही. रविवारी एक माणूस मनापासून बोलतो, अर्धवट का असेना, म्हणून बघते."

मी हे सूदसाहेबांना हिंदीत सांगितलं. मी मेहरासाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, जाहिरात अख्ख्या देशात गेली आहे, शेजारपाजारच्या कुंड्या आणून मांडा. शेजारणी तयारच होत्या, कॅमेरा आल्याची बातमी जिन्याने पोचली होती आणि खालच्या मजल्यावरून दोन क्रोटन वर निघालेही होते. काकूंनी दार लावून घेतलं. उसनी बाग दाखवायची असेल तर दुसरीकडे जा, म्हणाल्या. ते हातांचं एकदा झालं तेवढं पुरे.

शेवटी सूदसाहेबच म्हणाले, "जैसा है वैसा दिखा दीजिए. मैं इनको मना लूँगा."

तोच कार्यक्रम झाला. रिकाम्या बाल्कनीत काकू खुर्चीवर, सूदसाहेब बादली उलटी करून तिच्यावर, आणि मागे दोरीवर काकूंचा वाळत घातलेला टॉवेल. सूदसाहेबांनी अर्धा तास त्यांचं मन वळवलं. उत्तरेकडची बाल्कनी आहे, ऊन नाही, हरकत नाही, मनीप्लँट लावा. काकू म्हणाल्या, चोरून आणलेला मनीप्लँटच वाढतो म्हणतात, मी या वयात चोरी करू? मग नेचे लावा. नेच्यांना बोलता येतं का? नाही, पण ऐकता येतं. ऐकणारी मी एक आहे, पुरे आहे. कोरफड लावा, काही करावं लागत नाही. मग ती लावायचीच कशाला? निशा मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती आणि तिच्यावर सोपवलेलं एकही वाक्य तिला बोलता आलं नाही. सूदसाहेब पूर्ण वाक्यं बोलत होते, एकही शेवट न गिळता, कारण गिळला की काकू हात वर करायच्या. कुंडी नव्हतीच, त्यामुळे बघायला समोर काकूच होत्या.

काकूंनी शेवटपर्यंत झाड घेतलं नाही. सूदसाहेब उठले, हार मानल्यासारखं हसले आणि म्हणाले, की चाळीस वर्षांत मला कुणी इतकं नीट 'नाही' म्हटलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळपर्यंत माझा फोन तापला होता. अर्धा देश काकूंच्या बाजूचा होता. पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं, आमच्याकडेही डास होतात, असं बायका सांगत होत्या. उरलेले सूदसाहेबांच्या बाजूने काकूंना समजावायला निघाले होते आणि पत्ता मागत होते. गुडगावच्या त्या बाई म्हणाल्या, आज आमच्याकडे भांडण झालं नाही, दोघंही बघत बसलो. एकाला टॉवेल आवडला नव्हता.

दिवेलागणीला फोन थंडावले. मेहरासाहेब घरी गेले होते. मी पर्स उचलली तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, नमस्कार, गमलेवाली बात, अपनी राय दीजिए. पलीकडे कुणीतरी घसा साफ केला.

"जी, मैं एक दर्शक बोल रहा हूँ."

तो मऊ आवाज मी झोपेतही ओळखला असता. पण त्यांनी नाव सांगितलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. नियमाप्रमाणे विचारलं, कार्यक्रम कसा वाटला?

"पौधों के बारे में तो कुछ ख़ास नहीं था," सूदसाहेब म्हणाले. मग ते थांबले. मीही थांबले, मला सवय होती. "वो जो नई महिला हैं, बहुत अच्छा बोलती हैं. उन्हें हर रविवार बुलाइए. ये मेरी राय है. लिख लीजिए."

मी म्हटलं, लिहून घेतलं. आणखी काही?

"जी नहीं," ते म्हणाले, आणि वाक्य पूर्ण करून फोन ठेवला.